ताराबाई मोडक : अंगणापर्यंत गेलेले बालमानसशास्त्र

बोर्डी आणि कोसबाड ही दोन गावे आज पालघर जिल्ह्यात आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वी शहापूर, मुरबाड, डहाणू, तलासरी हे सारे तालुके एकाच ठाणे जिल्ह्याचे होते, आणि आमच्या पिढीने शाळेत जो जिल्ह्याचा नकाशा काढला त्यात सह्याद्रीच्या पायथ्याचे आसनगाव आणि समुद्रकाठचे बोर्डी एकाच रेषेने वेढलेले असे. म्हणून ताराबाई मोडक यांना आम्ही आमच्याच जिल्ह्याच्या मानतो, जरी त्यांचा जन्म मुंबईचा आणि त्यांच्या कामाचा पहिला मोठा कालखंड सौराष्ट्रातला असला तरी.

या स्मरणिकेसाठी एखादे चरित्र लिहावे, असे संपादक मंडळाने आम्हांस सुचविले. तथागत बुद्ध, महात्मा फुले, सावित्रीबाई, राजर्षी शाहू आणि परमपूज्य बाबासाहेब यांच्याविषयी याच अंकात अधिकारी व्यक्ती लिहिणार आहेत. ताराबाईंची निवड आम्ही एका व्यावहारिक कारणाने केली. आमच्या निवासी विद्यालयात सहा-सात वर्षांची मुले दाखल होतात. आईवडिलांपासून दूर, चाळीस-पन्नास जणांच्या खोलीत झोपणाऱ्या या मुलांच्या मनात काय चालले आहे हे ओळखण्याचे शिक्षण आम्हां शिक्षकांना कोणी दिलेले नाही. डी.एड., बी.एड.च्या अभ्यासक्रमात मानसशास्त्राची एक प्रश्नपत्रिका असते; तिचा उपयोग ती सोडविण्यापुरता झाला. समुपदेशकाचे एक पद मिळावे म्हणून आम्ही एका कार्यालयाकडे तीन वेळा अर्ज केला. तशी तरतूद नाही, एवढेच उत्तर आले. तेव्हा आमच्यासारख्या मुलांचे मन जाणणारा माणूस घडतो तरी कसा, या प्रश्नाने आम्ही ताराबाईंच्या चरित्राकडे वळलो.

आज बालक व कुटुंब यांच्या मानसशास्त्राचे काम करू इच्छिणाऱ्या तरुणास एक ठरलेला मार्ग असतो. मानसशास्त्रात पदव्युत्तर पदवी, त्यानंतर रुग्णालयातील प्रशिक्षण, आणि चिकित्सक मानसशास्त्रज्ञ म्हणवून घ्यायचे तर १९९२ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी. ताराबाई महाविद्यालयात शिकत होत्या तेव्हा यांतले काहीही नव्हते. कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला तोच १९१६ च्या सुमारास. त्यामुळे ताराबाईंचे प्रशिक्षण ही एका प्रमाणपत्राची गोष्ट नाही. ते जवळजवळ तीस वर्षे चालले, आणि त्याचा सर्वांत कठीण भाग त्यांच्या वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी सुरू झाला.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत केळकर कुटुंबात झाला. घर प्रार्थना समाजाच्या विचारांचे. मुलींना शिकवावे, कर्मकांड टाळावे, जातिभेद मानू नये, अशी त्या घराची शिकवण. प्रार्थना समाजाविषयी आमच्या चळवळीची मते सर्वश्रुत आहेत. त्या सुधारकांनी जातिभेद मनातून काढण्याचा प्रयत्न केला, परंतु जातिव्यवस्थेच्या आर्थिक पायाला त्यांनी क्वचितच हात घातला. तरीही त्या काळी एखाद्या मुलीला महाविद्यालयापर्यंत जाऊ देणारी उच्चवर्णीय घरे हातांच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, हे इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदविलेच पाहिजे. १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या.

विवाह अमरावतीच्या मोडक नावाच्या वकिलांशी झाला. हा संसार टिकला नाही. १९२१ साली त्या विभक्त झाल्या. एक लहान मुलगी पदरात होती. शंभर वर्षांपूर्वी सुशिक्षित, सवर्ण घरातील स्त्रीने नवऱ्याचे घर सोडणे म्हणजे काय, याची कल्पना आजच्या वाचकास येणे अवघड आहे. यापुढे त्यांना कुटुंब या विषयावर जे काही सांगायचे होते ते मोडलेल्या घरातून बाहेर पडलेली आई म्हणून सांगायचे होते. चरित्रकार हा भाग सहानुभूतीच्या दोन वाक्यांत उरकतात. आम्हांस मात्र वाटते की, वसतिगृहात येणाऱ्या अर्ध्यामुर्ध्या घरांतील मुलांकडे पाहताना शिक्षकाच्या मनात जो एक छुपा निवाडा असतो (बाप दारुडा, आई पळून गेलेली, मग मुलगा असाच निघणार) तो ताराबाईंच्या मनात येऊ शकला नाही, याचे एक कारण इथे आहे.

त्यानंतर त्या राजकोटला गेल्या. तेथील बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्यपदाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. प्रतिष्ठेची, पगाराची, निवृत्तीपर्यंत निश्चिंत राहता येईल अशी ही जागा होती. शिक्षिका तयार करण्याचे काम हाती असताना त्यांना एक उणीव जाणवू लागली असावी. शिक्षिकेला पाठ कसा घ्यावा हे शिकविले जाते, समोर बसलेले मूल कोण आहे हे मात्र कोणीच शिकवीत नाही. याच सुमारास त्यांची गाठ भावनगरच्या गिजुभाई बधेका यांच्याशी पडली.

गिजुभाई मूळचे वकील. १८८५ चा त्यांचा जन्म. स्वतःला मुलगा झाल्यावर त्याच्या शिक्षणाचा विचार करता करता त्यांच्या हाती डॉ. मारिया मॉन्टेसरी यांचे लेखन पडले आणि वकिली सुटली. १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर सुरू केले. १९२३ साली ताराबाई प्राचार्यपद सोडून या बालमंदिरात आल्या. प्राचार्यपदावरून उठून अडीच-तीन वर्षांच्या मुलांमध्ये जमिनीवर जाऊन बसणे, ही त्यांच्या प्रशिक्षणाची खरी सुरुवात.

या पद्धतीचा उगम समजल्याशिवाय ताराबाईंनी पुढे काय केले त्याचे महत्त्व कळणार नाही, म्हणून थोडे विषयांतर करून रोमला जावे लागते. मारिया मॉन्टेसरी या वैद्यकशास्त्राच्या पदवीधर. १८९६ साली त्यांनी रोम विद्यापीठाची पदवी घेतली. विद्यापीठाच्या मनोरुग्णालयाशी संबंध आल्यावर तिथे वेड्यांमध्ये कोंडलेली मतिमंद मुले त्यांनी पाहिली. या मुलांना औषधापेक्षा हातांना आणि इंद्रियांना काम हवे आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. इतार आणि सेगँ या दोन फ्रेंच डॉक्टरांचे जुने लेखन त्यांनी मुळातून अभ्यासले, साधने बनविली, आणि ज्यांना शिकवणे अशक्य मानले जात होते ती मुले वाचू-लिहू लागली. मग ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या मजूरवस्तीत त्यांनी बालकगृह उघडले. त्याचे निमित्त फारसे उदात्त नव्हते. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली मुले चाळींच्या भिंती आणि जिने खराब करीत. इमारतींच्या मालक कंपनीला या मुलांना सांभाळणारे कोणीतरी हवे होते. सारांश, जगभर श्रीमंतांच्या मुलांसाठी म्हणून ओळखली जाणारी ही पद्धती जन्मली ती मतिमंद मुलांच्या खोलीत आणि वाढली ती मजुरांच्या चाळीत. आपल्याकडे येईपर्यंत हा इतिहास गळून पडला. उरली ती परदेशी बनावटीची महागडी लाकडी साधने आणि ती परवडणाऱ्यांची मुले.

भावनगरला ताराबाई आठ-नऊ वर्षे होत्या. तिथे त्या काय शिकल्या, हे एका शब्दात सांगायचे तर निरीक्षण. मॉन्टेसरी पद्धतीत शिक्षिका बोलते कमी आणि पाहते जास्त. कोणते मूल लाकडी मनोरा पुन्हापुन्हा रचते, कोणते नुसते कोपऱ्यात उभे राहून इतरांकडे पाहते, कोणाचा हात खरखरीत अक्षरावरून फिरताना थबकतो, हे टिपायचे. मुलाला शिक्षा नाही, बक्षीस नाही, इतरांशी तुलना नाही. ऐकायला हे सोपे वाटते. छडी हातात धरून वाढलेल्या शिक्षकाने आठवडाभर गप्प बसून केवळ पाहण्याचा प्रयोग करून बघावा. तिसऱ्या दिवशी हात शिवशिवू लागतात. गिजुभाईंनी या पद्धतीला गुजराती लोकगीतांची, गोष्टींची, नाटकाची जोड दिली होती. मूळ पद्धतीत कल्पित गोष्टींना फारसे स्थान नव्हते. आपल्याकडचे मूल आजीच्या गोष्टीशिवाय झोपत नाही, हे या दोघांनी ओळखले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. संघाच्या वतीने निघणाऱ्या शिक्षणपत्रिकेच्या संपादनाचे काम ताराबाईंनी केले. स्वतः मॉन्टेसरी भारतात आल्या त्या १९३९ साली. महायुद्धात इटली इंग्रजांविरुद्ध उतरल्यामुळे त्यांना १९४६ पर्यंत इथेच राहावे लागले. म्हणजे त्यांच्या आगमनाच्या तेरा वर्षे आधी आपल्या देशात या विचाराची संघटना उभी होती. हे पुष्कळांना ठाऊक नसते.

मुंबईला परतल्यावर १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले, आणि बालशिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिरही. याच वर्षी मुंबईत समाजकार्याचे शिक्षण देणारी टाटांची संस्था उघडली आणि पुढच्याच वर्षी तिने बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. आज ज्याला आपण बालक व कुटुंब समुपदेशन म्हणतो त्याची मुंबईतील ही सुरुवात. एका वाटेने वैद्य, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता एका टेबलाभोवती बसू लागले. दुसऱ्या वाटेने दादरची एक शिक्षिका आईबापांना गोळा करून त्यांच्याशी बोलू लागली. मराठीत मात्र ही दुसरी वाटच अधिक रुजली, कारण ताराबाई मराठीत लिहीत होत्या. बालकांचा हट्टीपणा, बालविकास व शिस्त, बिचारी बालके, ही त्यांच्या पुस्तकांची नावेच विषय सांगतात. मूल हट्टी का होते, याचे उत्तर त्या मुलाच्या स्वभावात न शोधता घरातील मोठ्यांच्या वागण्यात शोधावे, हा त्यांच्या लेखनाचा रोख. आमच्या मते मराठी भाषेत कुटुंबाचे मानसशास्त्र सामान्य वाचकापर्यंत प्रथम नेले ते या लेखनाने.

तरीही दादरच्या कामाबद्दल आमच्या मनात फारसा उमाळा नाही. हिंदू कॉलनीतील ती मुले पांढरपेशांची होती. त्यांना खाऊ, कपडे, स्वतंत्र बिछाना, गोष्ट सांगणारी आई हे सारे घरी होतेच. शिशुविहाराने त्यात भर घातली. सान लोरेन्झोच्या चाळीतून निघालेली पद्धती पुन्हा एकदा चाळीबाहेर राहिली होती. ताराबाई इथेच थांबल्या असत्या तर मध्यमवर्गाच्या शिक्षणाच्या इतिहासात त्यांना एक प्रकरण मिळाले असते आणि आम्हांस हा लेख लिहिण्याचे कारण उरले नसते.

१९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. वय त्रेपन्न. आम्ही याच वयाचे आहोत, आणि आमच्या सहकाऱ्यांत निवृत्तिवेतनाचे हिशेब सुरू झाले आहेत, म्हणून हा आकडा आम्हांस पुन्हापुन्हा दिसतो. त्यांच्या जोडीला पस्तिशीच्या अनुताई वाघ होत्या. अनुताईंचा विवाह तेराव्या वर्षी झाला आणि काही महिन्यांतच त्यांना वैधव्य आले. त्यानंतर शिकून त्या शिक्षिका झालेल्या. एक विभक्त स्त्री आणि एक बालविधवा, अशा दोघींनी हे काम उभारले, यात योगायोगापेक्षा अधिक काही आहे असे आम्हांस वाटते. कुटुंब नावाच्या संस्थेचा जाच ज्यांनी भोगला त्यांनी ती संस्था बाहेरून नीट पाहिली.

त्या वर्षी हा सारा टापू पेटलेला होता. जानेवारी १९४५ मध्ये आपल्या टिटवाळ्याला, म्हणजे आसनगावहून कल्याणकडे जाताना तिसऱ्या स्थानकावर, किसान सभेचे अधिवेशन भरले आणि उंबरगाव तालुक्यातील वारली तिथे आले. परतून त्यांनी वेठबिगार आणि लग्नगडी यांच्याविरुद्ध लढा उभारला. लग्नगडी म्हणजे लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोने सावकाराच्या घरी गुलाम होऊन राहणे. गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यात १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे गोळीबार झाला आणि पाच वारली मृत्युमुखी पडले. ताराबाई काँग्रेसच्या विचारांच्या. १९४६ ते १९५१ या काळात त्या मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या. त्या लढ्यात त्या नव्हत्या. त्यांचे काम वाचताना ही उणीव आम्हांस खटकते. ज्या मुलाचे आईबाप विकले गेलेले आहेत त्याला शंख-शिंपल्यांनी अंक शिकविता येतील, त्याची भीती घालविता येणार नाही. ती भीती घालविण्याचे काम लाल बावट्याने केले. असे असले तरी बेडी तुटल्यावर त्या मुलाच्या हाती काय द्यायचे, याची तयारी बोर्डीत चालली होती, हेही मान्य करावे लागते.

बोर्डीत प्रथम गावात बालवाडी उघडली. गावातील सवर्णांची मुले आली. अस्पृश्यांची आणि आदिवासींची आली नाहीत. त्या काळच्या लेखनात या वस्तीला हरिजनवाडा म्हटलेले आढळते. हा शब्द आम्ही वापरणार नाही. १९३८ साली मुंबई विधिमंडळात याच शब्दाच्या निषेधार्थ बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य सभागृहाबाहेर पडले होते. मुले का येत नाहीत, या प्रश्नावर शाळेचे ठरलेले उत्तर आपल्याला पाठ आहे. पालकांना शिक्षणाची आवड नाही. आजही शहापूर तालुक्यातील एखाद्या पाड्याविषयी बैठकीत हेच वाक्य उच्चारले जाते आणि इतिवृत्तात नोंदविले जाते. ताराबाई आणि अनुताई यांनी हे उत्तर स्वीकारले नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाकडे जाईल, असे ठरले. शिक्षिका पिशवीत साहित्य घेऊन रोज ठरल्या वेळी वस्तीवर जाऊ लागली. एखादे घरासमोरचे अंगण हीच शाळा. तिला नाव पडले अंगणवाडी.

इथे आम्ही थोडे थांबतो, कारण या गोष्टीचा मानसशास्त्रीय अर्थ सहसा कोणी सांगत नाही. गावातील बालवाडीत अस्पृश्याचे मूल परके होते. त्याला उंबरठा ओलांडावा लागे. तो उंबरठा आपला नाही, हे त्याने चालायला लागल्यापासून शिकलेले. अंगणात मात्र उलटे झाले. घर मुलाचे, आणि बाई पाहुणी. दारात आई भाकरी थापते आहे, ओट्यावर आजी बसली आहे, कोंबडी मधूनच साहित्य विस्कटते आहे, आणि या सर्वांच्या नजरेसमोर बाई जमिनीवर बसली आहे. मुलाची भीती ज्या कारणाने निर्माण होते ते कारणच दूर केलेले. घरच्यांनाही बाई मुलाशी कशी बोलते हे दिसते. मारल्यावाचून मूल ऐकते हे दिसते. पालकांसाठी वेगळी व्याख्याने योजावी लागत नाहीत. एखाद्या चिकित्सालयात कुटुंबाला बोलावून जे साधायचे असते ते इथे ओट्यावर साधते.

साहित्यही बदलले. परदेशी लाकडी संचांच्या जागी समुद्रकाठचे शिंपले, चिंचोके, बिया, पाने, खडे, मातीचे गोळे आले. लहानमोठे, जडहलके, खरखरीत-गुळगुळीत, हे सारे भेद निसर्गात असतातच. याला काटकसर म्हणणे हा अर्धा अर्थ झाला. मुलाला ज्या वस्तू घरी ठाऊक आहेत त्याच शाळेत मान पावतात, तेव्हा घर हीन आहे ही भावना त्याच्या मनात रुजत नाही. आमच्या समाजातील पहिल्या पिढीच्या शिकलेल्यांनी ही भावना किती खोल वागविली, हे आत्मकथनांतून महाराष्ट्राने वाचले आहे.

एक टीका मात्र नोंदविली पाहिजे. या कामाच्या वर्णनांत मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे, नखे कापणे यांना मोठे स्थान आहे. ज्या वस्तीला पाणवठ्यावर जाऊ दिले जात नाही तिच्या मुलांना अस्वच्छ ठरविणे हा सुधारकांचा जुना दोष. महाडचा सत्याग्रह १९२७ चा. बोर्डीची बालवाडी त्यानंतर अठरा वर्षांनी. स्वच्छतेचा धडा देणाऱ्याने आधी पाण्याचा हक्क मागावा, असे आमचे मत आहे. पण याची दुसरी बाजूही आहे. ज्या हातांनी शतकानुशतके या मुलांचा स्पर्श टाळला त्या वर्णातील दोन स्त्रिया स्वतःच्या हातांनी त्यांची डोकी धूत होत्या. लहान मुलाला सिद्धान्त कळत नाहीत, स्पर्श कळतो.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. इथे वारल्यांची मुले. आणि इथेच ताराबाईंच्या निरीक्षणाने सर्वांत मोठी झेप घेतली, असे आम्ही मानतो. प्राथमिक शाळेत नाव घातलेली सात-आठ वर्षांची मुलगी येत नाही. का? तिच्या कडेवर वर्षाचा भाऊ आहे. आई रानात किंवा मालकाच्या शेतावर. मुलगी शाळेत आली तर भाऊ कोठे ठेवायचा? आणि कडेवर घेऊन आली तर मास्तर वर्गात बसू देत नाहीत. हा प्रश्न मुलीच्या बुद्धीचा नव्हे, आवडीचा नव्हे, पालकांच्या अनास्थेचाही नव्हे; ती घराच्या व्यवस्थेतील एक कर्ती व्यक्ती आहे, एवढेच. म्हणून विकासवाडीची कल्पना निघाली. एकाच छपराखाली पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. मुलगी भावंडांना घेऊन येईल, तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत, आणि ती स्वतः वर्गात. मधल्या सुट्टीत ती भावाला पाहून येऊ शकेल. जी मुले गुरे राखतात त्यांच्यासाठी कुरणशाळा. गुरे जिथे चरतात तिथेच शिक्षकाने जायचे, शिकवायचे झाडाखाली, आणि गुरांवर लक्षही ठेवू द्यायचे.

कुटुंबाचे मानसशास्त्र म्हणजे काय, हे आम्हांस पुस्तकांपेक्षा या एका छपराने अधिक स्पष्ट केले. काही वर्षांपूर्वी आमच्या वसतिगृहात एक मुलगी आली. वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबातली, वय सात. दिवाळीनंतर आईबाप भट्टीवर गेले. ही मुलगी दिवसभर शहाण्यासारखी वागे. दिवेलागणीला मात्र घोंगडी गुंडाळून कडेवर घेई आणि व्हरांड्यात येरझारा घाली. कोणी तिला वेडी म्हटले, कोणी खेळते आहे म्हटले. तिच्या धाकट्या भावाला तिने जन्मापासून वाढविले होते, हे चौकशी केल्यावर कळले. आम्ही तिला वसतिगृहात आणून शिक्षण दिले हे खरे, त्याच वेळी तिच्या कडेवरून एक मूल काढून घेतले हेही खरे. कोसबाडच्या पाळणाघराची हकीकत आम्ही त्यानंतर पुन्हा वाचली. ताराबाईंनी मुलीला घरातून उचलले नाही, भावासकट आणले. निवासी शाळांनी, आमच्या शाळेनेही, या मुद्द्याचा विचार अजून केलेला नाही. आमच्याकडे भाऊबहिणींना एकत्र प्रवेश देण्याचा नियम आहे तो सहा वर्षे पूर्ण झालेल्यांपुरता. सहाखालची भावंडे पाड्यावर राहतात किंवा भट्टीवर जातात. महिन्यातून एकदा भेटीचा दिवस असतो, आणि भट्टीच्या हंगामात त्या दिवशी निम्म्या मुलांकडे कोणी येत नाही.

भारत सरकारने १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण दिले. अखेरपर्यंत त्यांचे लक्ष कोसबाडवर राहिले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. मॉन्टेसरींचा जन्मदिवसही ३१ ऑगस्टच. इतिहासकार असल्या जुळणीला महत्त्व देत नाहीत, आम्हीही देत नाही, नोंद म्हणून सांगितले. कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरीपर्यंत चालविले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने देशातील ३३ प्रकल्पक्षेत्रांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. त्या योजनेतील केंद्राला नाव मिळाले अंगणवाडी. मराठी माणसाच्या अंगणातला शब्द आज तमिळनाडूपासून आसामपर्यंतच्या सरकारी कागदांत आहे. शब्दाबरोबर पद्धती किती गेली, हा वेगळा प्रश्न. योजनेत पोषण आले, लसीकरण आले, वजनाचा तक्ता आला. ही सर्व अत्यंत गरजेची कामे. कुरणशाळा आली नाही. पाळणाघर फार थोड्या ठिकाणी आले. गप्प बसून मुलाकडे पाहण्यासाठी लागणारा वेळ तर नोंदवह्यांनी खाऊनच टाकला.

आसनगावच्या आसपासच्या पाड्यांवर आमचे प्रवेशाच्या वेळी जाणे होते. तिथे या केंद्रांच्या पाट्या दिसतात. पाटीवर क्रमांक असतो. आत बहुधा त्याच वस्तीवरची एखादी सून किंवा लेक काम करीत असते. कोणत्या घरी बाप परत आलेला नाही, कोणते मूल दोन दिवसांपासून बोलत नाही, कोणत्या मुलीच्या कडेवर भाऊ आहे, हे ती आम्हांस फॉर्म न उघडता सांगते. आमच्या वसतिगृहातील निम्म्याअधिक मुलांची खरी माहिती आम्हांस तिच्याकडूनच मिळालेली आहे. तिच्या कामाच्या मोबदल्याला सरकारदफ्तरी आजही वेतन म्हणत नाहीत, मानधन म्हणतात.